परदेशातला कॉन्झर्व्हेटिव्ह आणि आपल्या तालुक्यातला पुरोगामी

अभ्यासवर्गात हल्ली एक प्रश्न फिरून फिरून येतो. कराडला आला, विट्याला आला, परवा मिरजेतही आला. मुलं मोबाइलवर जगभरचं राजकारण बघतात आणि विचारतात, "ताई, इंग्लंडमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा कॉन्झर्व्हेटिव्ह पंतप्रधानाच्या काळात झाला. त्याच पक्षानं आपल्या रंगाचा माणूस पंतप्रधान केला. जर्मनीत उजव्या पक्षाच्या बाईनं लाखो निर्वासित आत घेतले. मग परंपरावादी म्हणजे वाईटच हे आपण कशावरून म्हणतो? का आपले परंपरावादीच तेवढे असे आहेत?"

प्रश्न चांगला आहे आणि तो टाळू नये. आपले बरेच वक्ते "सगळे उजवे सारखेच" म्हणून पुढे जातात. दुसऱ्या बाजूला फेसबुकवरची काही विद्वान मंडळी "ते सुधारलेले, आपण मागास" म्हणून हात झटकतात. समाजशास्त्र शिकताना एक सवय लागते, शब्दाला विचारायचं की तू नेमकं काय मोजतोस? 'सहिष्णुता' आणि 'परंपरावाद' या दोन शब्दांना हा प्रश्न विचारला, की इंग्लंडपासून बेडगपर्यंतचं चित्र वेगळं दिसायला लागतं.

आधी इंग्लंड घेऊ, कारण मुलांचं सगळ्यात आवडतं उदाहरण तेच आहे.

१९८८ साली मार्गारेट थॅचर यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारनं 'कलम २८' आणलं. स्थानिक संस्थांनी आणि त्यांच्या शाळांनी समलिंगी संबंधांना उत्तेजन द्यायचं नाही, असा तो कायदा. त्याच पक्षाच्या डेव्हिड कॅमेरॉन यांनी पंचवीस वर्षांनी, २०१३ मध्ये, इंग्लंड आणि वेल्समध्ये समलिंगी विवाह कायदेशीर केला. आता मतांची मोजणी बघा. त्या विधेयकावर पहिल्या मोठ्या मतदानात कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे १३६ खासदार विरोधात गेले आणि १२७ बाजूनं. विधेयक तरलं ते विरोधी लेबर पक्षाच्या आणि लिबरल डेमोक्रॅटांच्या मतांवर. म्हणजे पक्षाचं मन बदललं असं म्हणता येत नाही. रस्त्यावरच्या चळवळीनं पंचवीस वर्षं रेटा लावला, समाज हलला, आणि नेत्याला कळलं की आता जुन्या जागी उभं राहिलो तर निवडणूक जाईल. तिथला परंपरावादी बदलतो, हे खरं. त्याला बदलावं लागतं, हे त्याहून खरं.

अजून एक प्रसंग. १९६८ साली बर्मिंगहॅममध्ये इनॉक पॉवेल या कॉन्झर्व्हेटिव्ह नेत्यानं काळ्या आणि आशियाई स्थलांतरितांविरुद्ध विषारी भाषण केलं. पक्षाचे प्रमुख एडवर्ड हीथ यांनी दुसऱ्याच दिवशी त्याला आपल्या शॅडो कॅबिनेटमधून काढलं. लोकमत मोठ्या प्रमाणावर पॉवेलच्या बाजूनं होतं, लंडनचे गोदी कामगार त्याच्यासाठी मोर्चा काढून आले होते, तरी काढलं. आपल्याकडे २०२२-२३ च्या मोर्चांतून जी भाषणं झाली, ती करणाऱ्यांचं पुढं काय झालं हे आठवून बघा. हा फरक मी मान्य करते. तिथल्या परंपरावाद्याला राखण्यासाठी जातीशिवाय काहीतरी आहे. पार्लमेंट आहे, कोर्ट आहे, शिष्टाचार आहे. बाबासाहेबांनी बर्क वाचला होता, आपल्या लिखाणात वापरला होता, आणि बर्क हा तर परंपरावाद्यांचा गुरू. जुनी संस्था मोडण्याआधी विचार करा, असं म्हणणाऱ्या माणसाशी वाद घालता येतो. आपल्याकडचा परंपरावादी ज्या संस्थेला वाचवतो ती कोणती, हा प्रश्न आहे.

आता याच इंग्लंडची दुसरी बाजू, जी मोबाइलवर फारशी येत नाही.

तिथल्या समता कायद्यात २०१० साली जातीसाठी फक्त खिडकी ठेवली होती. २०१३ मध्ये, म्हणजे समलिंगी विवाहाच्या त्याच वर्षी, हाउस ऑफ लॉर्ड्सच्या रेट्यामुळे दुरुस्ती झाली आणि जातिभेदाला कायद्यात स्पष्ट जागा देणं सरकारवर बंधनकारक झालं. आपल्या लंडन, बर्मिंगहॅम, बेडफर्डच्या आंबेडकरी आणि रविदासी संघटनांनी त्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं होतं. सरकारनं पाच वर्षं चालढकल केली. २०१७ मध्ये लोकांची मतं मागवली. काही हिंदू संघटनांनी कडाडून विरोध केला. जुलै २०१८ मध्ये थेरेसा मे यांच्या सरकारनं जाहीर केलं की वेगळ्या तरतुदीची गरज नाही, आधीचे निकाल पुरेसे आहेत, ती तरतूद आम्ही मागे घेणार. आधीचा निकाल म्हणजे बिहारमधून नेलेल्या एका आदिवासी घरकामगार बाईच्या खटल्यातला २०१४ चा निकाल. त्या बाईनं एकटीनं लढून मिळवलेली जागा दाखवून सरकारनं सगळ्या समाजाचं दार लावून घेतलं.

म्हणजे समलिंगी जोडप्याबाबत सहिष्णू झालेला पक्ष जातीच्या प्रश्नावर गप्प बसतो. का? कारण तिथल्या गोऱ्या परंपरावाद्याला जात ही 'हिंदू समाजाची अंतर्गत बाब' वाटते आणि त्या समाजाच्या वतीनं बोलायला जे पुढे येतात ते सवर्ण असतात. अल्पसंख्याकांबद्दल आदर दाखवायचा, आणि तो आदर त्या अल्पसंख्याकांतल्या वरच्या जातींच्या हाती द्यायचा. ऋषी सुनक २०२२ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा आपल्यातल्या काहींनीही पेढे वाटले. मी त्या तरतुदीचं काय झालं एवढंच विचारलं होतं.

आमच्या अभ्यासवर्गातला एक मुलगा राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर इंग्लंडला शिकायला गेला. पहिल्याच आठवड्यात खोली शोधताना गोऱ्या घरमालकानं पगाराचा कागद मागितला आणि भारतीय मुलांनी आडनाव विचारलं. त्यानं फोनवर सांगितलेलं मला जास्त काही समजावून सांगावं लागलं नाही.

इथं कोणी म्हणेल, हे कॉन्झर्व्हेटिव्ह होते म्हणून. मग अमेरिकेकडे चला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहरानं जातिभेदावर बंदी घातली. ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याच्या दोन्ही सभागृहांनी जातीविषयी विधेयक मंजूर केलं. ऑक्टोबरमध्ये राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी ते परत पाठवलं. न्यूसम डेमोक्रॅटिक पक्षाचे, अमेरिकेतल्या सगळ्यात उदारमतवादी राज्याचे प्रमुख. कारण काय दिलं? असलेल्या कायद्यात हे बसतं, वेगळ्या कायद्याची गरज नाही. लंडनच्या परंपरावाद्यानं २०१८ मध्ये जे कारण दिलं तेच कारण कॅलिफोर्नियाच्या उदारमतवाद्यानं २०२३ मध्ये दिलं.

हे वाक्य आपण सातारा-सांगलीत आधी ऐकलेलं आहे. "आहेत की कायदे, वेगळा कशाला?" २०१६ च्या मोर्चांत कोपर्डीच्या लेकीला न्याय मागताना अ‍ॅट्रॉसिटी कायदा सौम्य करण्याची मागणी जोडली गेली. साताऱ्यातही, सांगलीतही. अन्याय झाला होता आणि शिक्षा व्हायलाच हवी होती, पण त्या मागणीशी या कायद्याचा काय संबंध, हे विचारण्याची हिंमत एकाही मोठ्या पक्षानं दाखवली नाही. पुढे मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा कायदा बोथट करणारा जो निकाल दिला, तो खटला कुठला होता? कराडच्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातल्या कर्मचाऱ्याच्या तक्रारीतून उभा राहिलेला. २ एप्रिलला देशभर आपली माणसं रस्त्यावर आली, काहींचे जीव गेले, तेव्हा कुठे संसदेनं ऑगस्टमध्ये दुरुस्ती केली आणि २०१९ मध्ये कोर्टानं आपले निर्देश मागे घेतले. कराड हे यशवंतराव चव्हाणांचं गाव आहे. तिथली फाइल दिल्लीला गेली आणि देशभरच्या दलितांचं संरक्षण दीड वर्ष टांगणीला लागलं. यात कोणत्या पक्षाला परंपरावादी म्हणाल?

आता मुद्द्याचं बोलू. पक्षाचं नाव बघून परंपरावाद ओळखायची सवय आपण युरोपातून उचलली आहे. तिकडे ती बऱ्यापैकी चालते. इथं चालत नाही, आणि याचं कारण बाबासाहेबांनी १९४५ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या मुंबईतल्या भाषणात सांगून ठेवलं आहे. राजकीय बहुमत आणि जातीय बहुमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राजकीय बहुमत तयार होतं, मोडतं, पुन्हा तयार होतं. त्याची दारं उघडी असतात, आजचा विरोधक उद्या आत येतो. जातीय बहुमत जन्मानं ठरतं. त्यात बाहेरच्याला प्रवेश नाही आणि आतल्याला ते सोडावं लागत नाही. इंग्लंडचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष बदलला कारण तो राजकीय बहुमत शोधत होता, त्याला नवे मतदार हवे होते. आपल्याकडे गावात जे बहुमत आहे त्याला नवे मतदार शोधायची गरजच पडत नाही. पक्ष बदलतो, झेंडा बदलतो, माणसं तीच राहतात. साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, शिक्षण संस्था, सगळीकडे आडनावं वाचून बघा.

१९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना बाबासाहेबांनी हाच मुद्दा पुढे नेला. एका मोठ्या जातीच्या गावात चार-दोन घरांच्या लहान जातीचं काय होतं, हे त्यांनी तिथं मांडलं आहे आणि महाराष्ट्राची चार राज्यं करावीत असंही सुचवलं आहे. आपल्याकडच्या पुरोगामी मंडळींना ते पुस्तक अजून पचलेलं नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या भाषणात ते पुस्तक वगळून बाबासाहेबांचा फोटो लावला जातो.

आता 'सहिष्णुता'. या शब्दाचं माहेर शोधायचं असेल तर सातारा-सांगलीसारखा मुलूख नाही. सांगली जिल्हा १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा' होता, त्यामुळे दोन्हीकडचा वारसा एकच समजा. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या उरुसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. त्याच दर्ग्यात किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे आणि त्यांच्या स्मृतीची संगीत सभा सगळ्या जातिधर्मांचे लोक ऐकतात. मिरजेची सतार शिकलगारांच्या हातची, ती वाजते देवळातही. कडेगावच्या मोहरमचे गगनचुंबी ताबूत हिंदू घरंही उभी करतात. वाळवा तालुक्यातल्या गोटखिंडीत मशिदीत गणपती बसतो. यातलं काहीही खोटं नाही आणि काहीही लहान नाही. टीव्हीवाले दरवर्षी येऊन शूटिंग करून जातात, तेही ठीक.

पण याच मिरजेत २००९ च्या गणेशोत्सवात कमानीवर अफजलखानवधाचं चित्र लावण्यावरून दंगल पेटली, सांगली आणि इचलकरंजीपर्यंत गेली, आणि पुढच्याच महिन्यात विधानसभेची निवडणूक होती. याच मिरज तालुक्यातल्या बेडगमध्ये जून २०२३ मध्ये बाबासाहेबांच्या नावाची स्वागत कमान अनधिकृत ठरवून पाडली गेली. जुलैमध्ये आपली कुटुंबं घराला कुलपं लावून, लेकरंबाळं घेऊन मुंबईच्या वाटेला लागली. एका तालुक्यातल्या या दोन कमानी शेजारी ठेवा. एक कमान उतरवायला सांगितली म्हणून बहुसंख्याकांच्या भावना दुखावल्या आणि शहर जळालं. दुसरी कमान पाडली म्हणून ज्यांच्या भावना दुखावल्या त्यांना गाव सोडावं लागलं. अनधिकृत कमानी या जिल्ह्यात किती असतील हे कोणत्याही ग्रामसेवकाला विचारा, तो हसेल.

मिरज विधानसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातीसाठी राखीव आहे, हेही इथं सांगायला हवं. लंडनला सुनक आणि मिरजेला राखीव आमदार, दोन्हींचा हिशेब एकाच पद्धतीनं करावा लागतो. माणूस आपला आहे का, यापेक्षा तो कोणाच्या मतांवर उभा आहे हे बघा. पुणे करारानंतर बाबासाहेब आयुष्यभर हेच सांगत होते.

सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या एका पोस्टवरून जमाव मशिदीत घुसला. एक तरुण जिवानिशी गेला. सातारा जिल्ह्याचं इंटरनेट बंद झालं. तेव्हा आमच्या ग्रुपवर काही दिवस विचित्र शांतता होती. "तो त्यांचा विषय" असं एकानं लिहिलंही. बेडगच्या वेळी "हा त्यांचा विषय" असं इतरांनी म्हटलं होतं, तेव्हा आपल्याला किती लागलं होतं?

आणि माण तालुक्यातलं कुळकजाई. २००७ साली स्वतःच्या जमिनीत विहीर खोदणाऱ्या एका दलित शेतकऱ्याला तिथं ठार मारलं गेलं. पुढे सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. तेव्हा राज्यात कोणाचं सरकार होतं? सर्वधर्मसमभाव मानणाऱ्यांचं, आणि गृहमंत्री आपल्या सांगली जिल्ह्याचे. ताबुताला खांदा देणारा गाव आणि आपल्या विहिरीवर कुऱ्हाड उचलणारा गाव हे दोन निराळे मुलूख नाहीत. सणात दुसऱ्या धर्माला जागा देता येते, कारण सण संपला की जो तो आपापल्या आळीत जातो. पाणी, जमीन आणि कमान यांचं तसं नसतं, त्या रोज समोर दिसतात.

मसूर स्टेशनवरची गोष्ट आपल्याला पाठ आहे. १९०१ साली लहानगा भीमराव भावंडांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे कोरेगावला निघाला. मुलं महारांची आहेत कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी एक तयार झाला: भाडं दुप्पट, गाडी मुलांनी हाकायची, तो बाजूनं चालणार. रस्त्यात पाणी मिळालं नाही. आता हा गाडीवान सहिष्णू होता की नव्हता? व्याख्येनुसार होता. त्यानं मारलं नाही, हाकललं नाही, नेऊन पोचवलं. सहन केलं आणि सहन करण्याचे दुप्पट पैसे घेतले. म्हणूनच संविधानाच्या उद्देशिकेत 'सहिष्णुता' हा शब्द नाही, 'बंधुता' आहे. कुणीतरी आपल्याला सहन करावं एवढ्यासाठी चवदार तळ्यावर कोणी गेलं नव्हतं.

इथपर्यंत वाचताना आपल्याला बरं वाटतं, कारण दोष सगळा दुसऱ्यांचा आहे. म्हणून आता बौद्ध देशांकडे जाऊ.

१९५६ हे बुद्धजयंतीचं अडीच हजारावं वर्ष. ऑक्टोबरमध्ये नागपुरात बाबासाहेबांनी लाखोंना धम्म दिला. त्याच वर्षी जूनमध्ये श्रीलंकेत बंदरनायके सरकारनं 'फक्त सिंहली' कायदा केला. बुद्धजयंतीच्या लाटेवर, भिक्खूंच्या प्रचारावर निवडून आलेलं ते सरकार होतं. तमिळ माणूस आपल्याच देशात दुय्यम झाला आणि पुढे त्यातून पंचवीसहून अधिक वर्षांचं यादवी युद्ध निघालं. तीन वर्षांनी खुद्द बंदरनायकेंना गोळी घातली ती एका भिक्खूनं. त्यांनी तमिळांना थोडी सवलत देऊ केली तेव्हा ज्या भिक्खूंनी त्यांना निवडून आणलं होतं त्यांनीच घरासमोर धरणं धरलं होतं. एकाच वर्षी, एकाच बुद्धाच्या नावानं, एका देशात गुलाम माणूस झाला आणि दुसऱ्या देशात नागरिक परका झाला.

म्यानमारचं अजून ताजं आहे. बाबासाहेब १९५४ मध्ये रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते, त्या देशाकडून त्यांना आशा होती. तिथं २०१५ मध्ये 'वंश आणि धर्म रक्षणा'चे चार कायदे झाले, भिक्खूंच्या मा-बा-था संघटनेच्या आग्रहावरून. त्यातला एक बौद्ध स्त्रीनं दुसऱ्या धर्माच्या पुरुषाशी लग्न करण्याबद्दल. अर्जाची नोटीस १४ दिवस लावायची, हरकती मागवायच्या. दोन वर्षांनी, ऑगस्ट २०१७ पासून, सात लाखांहून अधिक रोहिंग्या मुसलमान जीव घेऊन बांगलादेशात पळाले.

नोटीस लावण्याचं वाचून काही आठवलं? आपल्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवसांची नोटीस आहे. १३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्र सरकारनं आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांवर लक्ष ठेवणारी समन्वय समिती काढली. आंतरजातीयचा उल्लेख अंगावर येणार हे दिसताच काही दिवसांत तो वगळला आणि आंतरधर्मीय तेवढं ठेवलं. त्याच हिवाळ्यात सांगली-कराडला 'लव्ह जिहाद'विरोधी मोर्चे निघत होते आणि त्यात भगवे फेटे बांधून आपल्या वस्तीतलीही पोरं होती. मी त्यांच्याशी बोलले आहे. त्यांना बुद्ध ठाऊक आहे, पंचशील तोंडपाठ आहे. पण मुलगी ही समाजाची अब्रू असते, हे वाक्य त्यांना पंचशीलापेक्षा लवकर शिकवलं गेलं आहे. धर्म कोणताही असो, संख्येची मस्ती आणि स्त्रीवरचा पहारा ही परंपरावादाची दोन चाकं आहेत. म्यानमारच्या भिक्खूच्या अंगावर चीवर आहे म्हणून तो आपला होत नाही.

जपानचंही थोडक्यात सांगते, कारण ते आपल्या कामाचं आहे. तिथं 'बुराकू' म्हणजे चामड्याचं, मेलेल्या जनावरांचं काम करणाऱ्यांचे वंशज. १८७१ मध्ये अस्पृश्यता कागदावर संपली, १९२२ मध्ये त्यांनी स्वतःची सुईहेइशा ही संघटना काढली. १९७५ मध्ये उघड झालं की बुराकू वस्त्यांच्या पत्त्यांच्या गुप्त याद्या कंपन्या विकत घेत होत्या, नोकरी देताना गाळण्यासाठी. लग्न जुळवतानाही अशी चौकशी होत असे. डिसेंबर २०१६ मध्ये बुराकू भेदभाव दूर करण्याचा कायदा झाला, तोही पक्क्या परंपरावादी आबे सरकारच्या काळात. भेदभाव अस्तित्वात आहे हे कायद्यानं मान्य केलं, मात्र शिक्षा एकही ठेवली नाही. परंपरावादी सरकार कबुली देऊ शकतं, हिसका देत नाही. तरी त्या कबुलीला मी कमी लेखत नाही. आपल्याकडे ग्रामपंचायतीपासून वरपर्यंत "आमच्याकडे जातपात नाही" हेच पहिलं वाक्य असतं. २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय झाला. पाट्या बदलल्या, वस्तीची दिशा तीच राहिली.

मग सहिष्णुता मोजायची कशानं? मी लग्न धरते, कारण तिथं भाषण चालत नाही. अमेरिकेत गॅलप संस्था गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाबद्दल कितीतरी दशकं विचारते आहे. १९५८ मध्ये मान्यता देणारे ४ टक्के होते. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा लग्नांवरची बंदी उठवली. पुढच्या वर्षीही मान्यता देणारे फक्त २० टक्के होते. बहुमत तयार व्हायची वाट कोर्टानं पाहिली नाही. २०२१ मध्ये तो आकडा ९४ वर गेला. आपल्याकडे प्यू संस्थेनं २०१९-२० मध्ये सुमारे तीस हजार लोकांना विचारलं. सगळ्या धर्मांचा आदर करणं हे खरा भारतीय असण्यासाठी फार महत्त्वाचं आहे, असं ८४ टक्के म्हणाले. आणि आपल्या समाजातल्या स्त्रियांना दुसऱ्या जातीत लग्न करण्यापासून रोखणं फार महत्त्वाचं आहे, असं ६४ टक्के म्हणाले. दोन्ही उत्तरं त्याच माणसांची. प्रत्यक्षात आंतरजातीय लग्नं शंभरात पाचच्या आसपास. कडेगावचा ताबूत आणि कुळकजाईची विहीर एकाच पट्ट्यात कशी राहतात, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

या मुलखात दुसरी धारही आहे, ती विसरून चालणार नाही. सत्यशोधकांनी इथल्याच गावांत भटाशिवाय लग्नं लावली. प्रतिसरकारच्या माणसांनी ब्रिटिशांशी लढता लढता हुंड्याशिवाय साधी लग्नं लावली. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायला बसवली, तीही १९२० च्या दशकात. डॉ. दाभोलकर साताऱ्याचे. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी अठरा वर्षं उंबरे झिजवले आणि २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाल्यावर काही दिवसांतच वटहुकूम निघाला. तेव्हाचे मुख्यमंत्रीही याच जिल्ह्याचे होते. पुरोगामी म्हणवणाऱ्या सरकारांना इतकी वर्षं काय अडवत होतं? तेच, जे लंडनला आणि कॅलिफोर्नियाला अडवत होतं. ज्यांची मतं हातची जातील असं वाटतं, त्यांना दुखवायचं नाही.

आणि आपण? आपल्या वधू-वर मेळाव्यांचे फॉर्म मी भरून घेते. अपेक्षांच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिलेलं असतं आणि बौद्ध म्हणजे कोण, हे कंसात पूर्वीच्या जातीनं स्पष्ट केलेलं असतं. मातंग कुटुंबानं दीक्षा घेतली तरी सोयरीक जमवताना वस्तीतली म्हातारी माणसं कुजबुजतात. आमच्या कार्यकर्त्यांपैकी किती जणांच्या घरात आंतरजातीय सून आहे, हे एकदा मोजलं होतं. हाताची बोटं पुरली आणि उरली.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे. पुढच्या महिन्यापासून सातारा आणि सांगलीतल्या आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गानं एक वही घालावी. कोणता आमदार कोणत्या पक्षात गेला, हे त्यात नको, ते टीव्ही सांगतो. आपल्या गावात पाण्याची टाकी कोणाच्या आळीत आहे, स्मशानाचा रस्ता कोणाच्या शेतातून जातो आणि अडतो का, गेल्या पाच वर्षांत आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नं किती झाली आणि ती जोडपी आज कुठं राहतात, मुसलमान वस्तीवर दगड पडला तेव्हा आपण गेलो का, हे लिहा. आपल्या घरातल्या लग्नांचं पान पहिलं असू द्या. वह्या घेऊन कराडला एकत्र बसू, आणि मग इंग्लंड-जर्मनीची तुलना पुन्हा एकदा करू.

जय भीम.